शाळा सांभाळून एम.एस्सी. गणित : दूरशिक्षण कितपत पुरते?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या हायस्कूलच्या शिक्षकाला नोकरी न सोडता एम.एस्सी. गणित करायचे असेल, तर जवळचा रस्ता कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचा. दोन वर्षे, चार सत्रे आणि घरी वाचायला स्वयंअध्ययन पुस्तके. दहिवडी, आटपाडी, जत इथल्या शिक्षकाला रोज कॉलेज गाठणे अशक्यच, त्यामुळे ही सोय मोलाची आहे. विषय मात्र सोपे नाहीत. बीजगणित, रिअल आणि कॉम्प्लेक्स अॅनॅलिसिस, टोपॉलॉजी, मापन सिद्धांत असा भरगच्च मामला आहे.

याचा शाळेत उपयोग काय, ही शंका स्टाफरूममध्ये हमखास निघते. उपयोग आहे, आणि तो थेट फळ्यावर दिसतो. कंपास-पट्टीने ६० अंशांचा कोन निघतो, ३० आणि १५ चाही निघतो, मग २० चा का नाही? शाळेच्या पुस्तकात याचे उत्तर नाही, ते एम.एस्सी.च्या बीजगणितात, क्षेत्रविस्तारात (परिमेय संख्यांत नवी संख्या मिसळून मोठी संख्याप्रणाली बांधण्यात) आहे. २० अंशांची कोसाइन किंमत क्ष मानली तर ८क्ष³ − ६क्ष − १ = ० हे समीकरण मिळते. त्याला परिमेय मूळ नाही, म्हणून विस्ताराची कोटी (ती संख्या ज्याचे मूळ आहे अशा परिमेय सहगुणकांच्या सर्वांत लहान समीकरणाचा घात) ३ येते. कंपास-पट्टीने मिळणाऱ्या संख्यांची कोटी मात्र २ चा घातच असते. फ्रेंच गणिती वांट्झेलने १८३७ साली हे सिद्ध केले. मुलांना एवढे सगळे सांगायचे नसते, पण 'अजून कुणाला जमले नाही' आणि 'कधीच जमणार नाही' यातला फरक शिक्षकाला ठाऊक असला की त्याच्या उत्तरात जोर येतो.

आता उणी बाजू. नुसत्या पुस्तकावर अभ्यास केला की सिद्धता वाचायची सवय लागते, लिहायची लागत नाही. बी.एस्सी. होऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्यांची गाडी इथेच अडते. प्रमेय पाठ असते; प्रश्नात एक अट बदलली की हात थांबतो. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सचेच, म्हणजे सगळ्या बिंदूंवर एकदमच सीमेजवळ जाण्याचे, पाहा. क्ष चा न-वा घात हा फलक्रम (फलांचा क्रम, न = १, २, ३...) [०, १] वर बिंदूगणिक अभिसारी आहे, म्हणजे प्रत्येक बिंदूवर त्याला सीमा आहे, पण युनिफॉर्म नाही: १ च्या अलीकडे सीमा ०, ठीक १ वर १, म्हणजे सीमाफल तुटलेले, आणि सलग फलांची युनिफॉर्म सीमा तुटत नाही. तोच क्रम [०, १/२] वर युनिफॉर्म आहे, कारण तिथली सर्वांत मोठी किंमत १/२ चा न-वा घात, आणि ती शून्याकडे जाते. फरक सगळा 'प्रत्येक बिंदूसाठी' आणि 'असा एक न आहे' (ज्याच्यापुढे सगळी फले सीमेजवळ राहतात) या शब्दांच्या क्रमात आहे. हा क्रम उलटा लिहिला तर पुढची दोन पाने बरोबर असूनही सिद्धता कोसळते, आणि तपासून देणारा शेजारी नसेल तर चूक कळतच नाही.

म्हणून जोडीदार हवाच. तालुक्यातलेच दोघे-तिघे मिळून आठवड्याला प्रत्येकी तीन सिद्धता पुस्तक मिटून लिहाव्यात आणि एकमेकांच्या तपासाव्यात. प्रत्येक अटीपुढे विचारावे, ही काढली तर काय बिघडते? प्रतिउदाहरण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण व्यासपीठावरची आयआयटी प्राध्यापकांची व्याख्याने फुकट पाहता येतात, पण ती पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. एक तास व्हिडिओ, तर दोन तास वही.

वेळेचा हिशेब आधी मांडा. पहाटे ५ ते ६.३०, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ९ तास. पाच पेपरांना वाटले तर पेपराला दोन तासही येत नाहीत. सुट्टीची भर घातल्याशिवाय भागत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या सत्राचा जोर नेमका दहावीच्या सराव परीक्षा आणि बोर्डाच्या पेपर तपासणीवर आदळतो. त्यामुळे त्या सत्रांतला सर्वांत जड विषय, बहुधा मापन सिद्धांत, दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करावा.

पुस्तके आणि उत्तरे इंग्रजीत असतात. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी पहिल्या महिन्यात व्याख्या जशाच्या तशा इंग्रजीत लिहून काढाव्यात, अर्थ मात्र मराठीतून लावावा. दोन्ही जमते.

प्रवेशाआधी कागद पाहा. त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, मान्यता आहे का, हे यूजीसीच्याच संकेतस्थळावर तपासावे. प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला आधी एबीसी (अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी. जिल्हा परिषद असो वा संस्था, लेखी परवानगी अर्ज भरण्यापूर्वीच घ्यावी. पदवी हातात आल्यावर मागितली तर सेवापुस्तकातल्या नोंदीसाठी खेटे घालावे लागतात.

अकरावी-बारावीला शिकवायची इच्छा असेल तर हा रस्ता जरूर धरावा. नुसती पदवीची ओळ वाढवायची असेल तर रिअल अॅनॅलिसिससारखा विषयच दमवून टाकेल.