उतारवयात गावी राहायला जाताना: इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरीचा आढावा

निर्णय आधीच सांगतो. निवृत्तीनंतर गावातल्या घरी कायमचे राहायला जाणाऱ्या जोडप्यासाठी शुद्ध साइन वेव्ह (लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची उंच ट्यूब्युलर बॅटरी ही जोडी भक्कम आणि भरवशाची आहे. मात्र दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: रोज पुरेशी चार्जिंग मिळणे, आणि दोन-तीन महिन्यांनी वाकून बॅटरीत पाणी भरणारे कुणीतरी घरात असणे. यातली एक जरी जमत नसेल तर लिथियम बॅटरीचा विचार करावा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "घरात काय काय आहे?" मग टीव्ही, मिक्सर, फ्रिज असे सगळे मोजून मोठे मॉडेल गळ्यात मारले जाते. हिशेब घराचा करायचा नसतो, रात्रीचा करायचा असतो. वय झाल्यावर लाइट गेल्याचा खरा धोका टीव्ही बंद पडण्यात नाही. रात्री दोन वाजता अनोळखी घरात, चार इंचांचा उंबरठा ओलांडून, अंधारात बाथरूमला जाण्यात तो आहे. नव्या घरातले पहिले सहा महिने पायांना वाट पाठ झालेली नसते, त्यामुळे अंथरुणापासून बाथरूमपर्यंतचे दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर सगळ्यात आधी घ्यावेत.

एका रात्रीचा लोड असा निघतो. ९ वॅटचे दोन एलईडी म्हणजे १८ वॅट, वाटेवरचे छोटे दिवे मिळून २ वॅट, राउटर १० वॅट, दोन फोनचे चार्जिंग सुमारे २० वॅट. हे झाले ५० वॅट. खरा फरक पंखे पाडतात. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास. दोन साधे पंखे धरले तर एकूण २०० वॅट, दोन बीएलडीसी धरले तर ११०.

आता बॅटरी. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, हे कागदावर. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर रोजच्या वापरात ती निम्मीच रिकामी करावी, म्हणजे उरले ९००. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा उष्णतेत जातो असे धरले की हाती ७२० येतात. २०० वॅटवर हे साडेतीन तासांपेक्षा थोडे जास्त चालते, ११० वॅटवर साडेसहा तास. म्हणून दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे शहाणपणाचे. इन्व्हर्टर स्वतःहून निम्म्यावर थांबत नाही. बहुतेक यंत्रे बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास येईपर्यंत चालू राहतात आणि तोवर ती जवळजवळ रिकामी झालेली असते. कधीतरी तसे झाले तर चालते, रोज झाले तर बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

फ्रिज या लाइनवर घेऊ नये. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून सगळ्या घराला अंधारात टाकतो. दार न उघडता ठेवलेला फ्रिज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना याची काळजी वाटते, पण उघडलेली, वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने खोलीच्या तापमानाला चार आठवड्यांपर्यंत चालतात. नेमकी मर्यादा त्या औषधाच्या पत्रकावर असते, ती बघावी. न उघडलेल्या साठ्याला मात्र २ ते ८ अंश लागतात. तो खोली तापत असताना बाहेर ठेवू नये.

श्वासाच्या यंत्रांबद्दल वेगळे सांगायला हवे. सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे) ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारा भाग, बंद ठेवून ३० ते ६० वॅटमध्ये चालते, त्यामुळे ते या जोडीवर रात्रभर नेता येते. पण तेव्हा पंखा एकच आणि तोही बीएलडीसी असावा. पाच लिटरचे ऑक्सिजन काॅन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) साधारण ३०० ते ३५० वॅट घेते, म्हणजे वरच्या ७२० वॅट-अवरमध्ये जेमतेम दोन तास. ज्यांचा श्वास त्यावर अवलंबून आहे त्यांनी एका बॅटरीच्या भरवशावर राहू नये. भरलेला सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर घरात तयार असलाच पाहिजे.

स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहर देणारे यंत्र स्वस्त पडते, पण त्यावर पंखा गुणगुणतो, मोटर तापते आणि वैद्यकीय उपकरणांचे पॉवर सप्लाय कुरकुरतात. या वयात ती बचत करू नये.

गावात बॅटरी लवकर का मरते, हे नीट समजून घ्यावे. बहुतेकांना वाटते की जास्त वापरल्याने मरते. प्रत्यक्षात ती अर्धपोटी राहून मरते. निम्मी रिकामी झालेली बॅटरी १५ अँपिअरच्या चार्जरवर पूर्ण भरायला सात-आठ तास लागतात, कारण शेवटचा टप्पा मुळातच सावकाश होतो. रोज तेवढे तास नीट व्होल्टेज मिळाले नाही तर प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि क्षमता कायमची कमी होते. गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली शिसे आणि गंधकाम्लाची पहिली बॅटरी केली, तेव्हापासून या रसायनाची हीच खोड आहे. ट्यूब्युलर रचनेत धन प्लेटचे पदार्थ नळ्यांमध्ये बंद असतात, त्यामुळे ते झडत नाहीत आणि खोल डिस्चार्ज जास्त सोसतात. पण अर्धवट चार्जिंगवर त्या नळ्यांचाही इलाज नाही.

इथेच एक छोटा स्विच मोठे नुकसान करतो. बहुतेक इन्व्हर्टरवर दोन मोड असतात. यूपीएस मोड साधारण १८० ते २६० व्होल्टमध्येच लाइनची वीज स्वीकारतो, साधा मोड १०० च्या आसपासपासून २९० पर्यंत. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर घसरले आणि स्विच यूपीएसवर असला, तर लाइट असूनही घर बॅटरीवर चालते आणि लाइट जाते तेव्हा बॅटरी आधीच अर्धी असते. ज्या घरात डेस्कटॉप संगणक नाही तिथे साधा मोड ठेवावा. व्होल्टेज कमी असताना त्या मोडवर पंखा मंदावतो, पण बॅटरी भरत राहते.

जागेची निवड बसवणाऱ्यावर सोडू नका. १५० अँपिअर-अवरची भरलेली उंच बॅटरी ५० किलोच्या पुढे असते, एकदा ठेवली की ती तिथेच राहते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. म्हणून झोपायची खोली, बंद कपाट, जिन्याखालचा कोंदट कप्पा या जागा नकोत. सावलीतली, वारा असलेली पडवी किंवा पॅसेज चांगला, आणि जवळ उघडी ज्योत नको. इन्व्हर्टरच्या पंख्यासमोर वीतभर जागा मोकळी ठेवा. पाली आणि मुंग्या उबेला आत शिरतात आणि सर्किटवर शॉर्ट होतो, तेव्हा झरोक्यांना बारीक जाळी लावून घ्या, पण हवा अडेल इतकी दाट नको. उंदीर वायर कुरतडतात, त्यामुळे जमिनीलगतच्या वायरी पाइपातून न्याव्यात.

इन्व्हर्टरचा स्विच आणि डिस्प्ले खांद्याच्या उंचीवर यायला हवा. ट्रॉलीच्या मापाने तो गुडघ्यापाशी येतो आणि मध्यरात्री बझर वाजला की चष्म्याविना वाकून लाल दिवा वाचावा लागतो. भिंतीवर ब्रॅकेट मारून वर घेतला तर उत्तम, मात्र बॅटरीच्या जाड वायरी मीटर-दीड मीटरपेक्षा लांबवू नका. ७०० वॅट लोडला १२ व्होल्टवर ६०-७० अँपिअर वाहतात, लांब किंवा बारीक वायर तेवढ्यात तापते. इन्व्हर्टर बिघडला तर लाइनची वीज थेट घरात घेणारा बायपास स्विच वायरमनकडून आत्ताच बसवून घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. तो नसला तर बिघडलेल्या यंत्रापायी, बाहेर लाइट असूनही, घर अंधारात राहते.

वायरिंगमध्ये दोन चुका नेहमी दिसतात. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल भलत्याच सर्किटशी जोडला की आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) कारण कळू न देता ट्रिप होत राहतो. दुसरी चूक जीवघेणी आहे: दोन्ही टोकांना पिना असलेली वायर लावून इन्व्हर्टरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडणे. ती उलट खांबावर जाऊ शकते आणि तिथे काम करणाऱ्याचा जीव घेऊ शकते.

पाणी भरताना बॅटरी पूर्ण चार्ज असावी. आधी भरले तर चार्जिंगला पातळी वाढते आणि ॲसिड उतू जाते. फक्त डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी वापरावे. आरओचे पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. ॲसिड कधीही घालायचे नाही, कारण बॅटरीतून पाणी उडते, ॲसिड उडत नाही. फ्लोटची दांडी हिरव्या खुणेला आली की थांबा. चष्मा, रबरी हातमोजे आणि जुने कपडे घाला, सुती कापडाला ॲसिडचा थेंब लागला की धुतल्यावर भोक दिसते. सांडलेल्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता. टर्मिनल काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी, आणि नट घट्ट झाल्यावरच वरून व्हॅसलीन. सैल नटामुळे टर्मिनल वितळलेल्या बॅटऱ्या बऱ्याच दिसतात.

हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, घरी ठेवावा. घरगुती ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला २७ अंशांवर साधारण १.२४० ते १.२५० दाखवतो, पण तिच्या पत्रकावरचा आकडाच खरा धरावा. सहापैकी एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असेल तर तो सेल जाऊ लागला आहे. वॉरंटी चालू असेल तर त्याच आठवड्यात तक्रार नोंदवा.

वॉरंटीचे कार्डही नीट वाचा. ठळक छापलेल्या महिन्यांचे बहुधा दोन भाग असतात: पहिल्यात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात नव्या बॅटरीवर केवळ उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने सूट. तुलना पहिल्या भागाची करावी. उत्पादनाची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल आणि मधे चार्ज केल्याचे दुकानदार दाखवू शकत नसेल तर ती बॅटरी घेऊ नका. दुकानदाराला हे विचारायलाच हवे: माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत? शहरातल्या सेवाकेंद्राचे आश्वासन गावाच्या रस्त्यावर लांबते.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी १२ ते १५ किलोंची असते, पाणी नाही, गॅस नाही, आणि ८० टक्के रिकामी केली तरी बिघडत नाही. मोठा चार्जर सोसत असल्याने थोड्या तासांच्या विजेवरही भरून निघते, आणि गावात हाच तिचा खरा गुण. पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग असल्याशिवाय जोडू नका, शून्य अंशाखाली चार्ज करू नका, आणि आतली संरक्षक यंत्रणा पूर्वसूचनेशिवाय एकदम वीज तोडते हे लक्षात ठेवा. ती बिघडली तर गावातला वायरमन काही करू शकत नाही. खर्च सुरुवातीला बराच जास्त. पाठीचे दुखणे असलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसासाठी तो योग्य वाटतो.

जुनी बॅटरी नवी आणणाऱ्या टेम्पोतूनच परत पाठवा, तिचे मोल किमतीतून वजा होते. घरामागे पडून राहिली तर ॲसिड आणि शिसे झिरपून विहिरीपर्यंत जाऊ शकते, आणि तेच पाणी घरात प्यायला येते.