घड्याळ घेऊ, नाडी मोजू की वही लिहू? ओव्हरट्रेनिंग कशात आधी कळतं

सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की आमच्या रनर्सच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, महागडं घड्याळ घेतलं तर ओव्हरट्रेनिंग, म्हणजे आरामाच्या मानाने सराव जास्त होऊन शरीर थकत जाणं, कळेल का. मी तिन्ही करून बघितलंय, त्यामुळे सांगते.

सकाळची नाडी फुकटात होते. जाग आल्यावर पलंगावरून उतरायच्या आधी मिनिटभर मोजायची. माझी 54च्या आसपास असते, सलग दोन-तीन दिवस 60च्या वर गेली की मी आठवड्याची लाँग रन कमी करते. पण ताप येणार असला, पाणी कमी पडलं तरी ती वाढते, आणि फार दिवस थकलेल्या काही रनर्सची तर उलट कमी होते, म्हणून एकट्या नाडीवर जाऊ नका.

घड्याळ झोपेत एचआरव्ही मोजतं, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतंय ते. भारी आहे, पण लग्नात रात्री अकराला जेवलात किंवा दोन पेग झाले की सकाळी आकडा धाडकन खाली, पायांचा काही संबंध नाही. आठवड्याची सरासरी स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी लावायची, मैत्रिणीच्या आकड्याशी नाही.

माझं मत वहीला. व्यायामशास्त्राचे अमेरिकन संशोधक कार्ल फॉस्टर यांची पद्धत: रन संपल्यावर अर्ध्या तासाने 0 ते 10 मध्ये किती जड गेलं ते लिहायचं आणि मिनिटांनी गुणायचं. यवतेश्वर घाट 80 मिनिटं, 7 दिले, झाले 560. ईझी रन 40 मिनिटं, 3 दिले, 120. बेरजेइतकंच महत्त्वाचं म्हणजे आकडे वरखाली होतायत का, रोज मध्यम-मध्यम पळणारा जास्त फसतो, कारण हलका दिवस येतच नाही. आणि तोच ईझी रन, तोच पेस (वेग), पण 3 चे 5 व्हायला लागले की समजायचं गडबड आहे. माझं हे झालं तेव्हा घड्याळ हिरवंच, म्हणजे सगळं ठीक, दाखवत होतं, आणि मी घराचा जिना कठडा धरून चढत होते! 2016 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यातही स्वतःला कसं वाटतंय हे विचारणं लॅबच्या आकड्यांपेक्षा भरवशाचं निघालं.

वहीत खोटं लिहिता येतं हा तोटा आहेच, कोच बघणार म्हटलं की 8 चे 6 होतात. तसा स्वभाव असेल तर खुशाल घड्याळ घ्या.

दोन आठवडे आराम करूनही पेस परत येत नसेल तर मात्र डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघून घ्या. बायकांनी पाळी चुकतेय का तेही सांगा, कमी खाऊन जास्त पळलं तरी असंच होतं.