न ऐकता घेतलेले स्पीकर: सात महिन्यांनंतर

जुळे सोलापुरातल्या आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हे स्पीकर सात महिने रोज वाजतायत. घेताना मी ते ऐकले नव्हते. नवी पेठेत फिरले, पण तिथे साउंडबार आणि दिवे लुकलुकणारे पार्टी स्पीकरच दिसले. मला साधे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर किंवा फळीवर मावणारे छोटे स्पीकर हवे होते: खालच्या सुरांसाठी साडेपाच इंची वूफर, वरच्या सुरांसाठी कापडी डोमचा ट्वीटर आणि वेगळा अॅम्प्लिफायर (अॅम्प). ते ऐकायचे तर हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठायचं, दुकानाच्या खोलीत त्यांच्याच अॅम्पवर वीस मिनिटं ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. शेवटी ऑनलाइन मागवले. जोडी 22 हजारांना पडली, अॅम्प 9 हजारांना.

निवडताना ‘मखमली आवाज’, ‘दमदार बेस’ हे शब्द मी सोडून दिले आणि मोजमापं बघितली. माणसाच्या गळ्याच्या पट्ट्यात, साधारण 200 ते 3,000 हर्ट्झमध्ये, कोणता सूर किती मोठा येतो त्या ग्राफची रेघ फार वरखाली होत नाही ना, एवढंच मुख्य पाहिलं. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो) 86 डेसिबल, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) 6 ओहम. वॉट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो, म्हणून 40 वॉटच्या अॅम्पवर थांबले. एवढ्या खोलीला तो भरपूर होतो.

पहिल्या संध्याकाळी भीमसेन जोशींचं गाणं लावलं. अप्पा भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतात. ते पाच मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, “गाणारा कुठं बसलाय तेच कळंना गं.” खरंच कळत नव्हतं. आवाज दोन्हीकडे पसरलेला, मध्ये पोकळ, आणि तबल्याच्या डग्ग्यात जीव नाही. परत पाठवायची मुदत दहा दिवसांची होती आणि मी खोकं भरायला काढलंही होतं. रात्री मागच्या वायरी तपासल्या, तर डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलला लावलेली. एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता, म्हणून खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत होते. वायर बदलली आणि गाणारा थेट दोन स्पीकरच्या मधोमध येऊन बसला.

त्यानंतर महिनाभर छळलं ते घुमण्याने. काही गाण्यांत बेस गिटारचा एकच सूर असा फुगायचा की शोकेसच्या काचा थरथरायच्या, शेजारचा सूर मात्र नीट यायचा. मी स्पीकरला दोष देत राहिले, पण दोष खोलीचा होता. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असलं की साधारण 56 हर्ट्झचा सूर त्यांच्यात अडकून मोठा होतो, आणि बेस गिटारची मोकळी ए तार 55 हर्ट्झची असते. पुण्याच्या दुकानात हे कधीच कळलं नसतं. तिथली खोली वेगळी.

स्पीकर भिंतीला चिकटून होते आणि ज्यातून बेस बाहेर येतो ते हवेचं भोक मागच्या बाजूला. ते दीड फूट पुढे ओढले, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, दोन्ही भोकांत सैलसर फोम घातला. घुमणं गेलं नाही, पण आता काचा वाजत नाहीत. वेल्डिंगवाल्याकडून 26 इंची लोखंडी स्टँड करून घेतले आणि वर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले. आता ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येतो.

फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, त्यामुळे टाळी वाजवली की पत्र्यासारखा टणटण प्रतिध्वनी यायचा. आईच्या कपाटातली जुनी जाड सोलापुरी चादर दुहेरी करून खुर्चीमागच्या भिंतीपासून चार बोटं सुटी टांगली. टणटण पुष्कळ कमी झाली, ‘स’ आणि ‘श’ टोचायचे थांबले. बेसला मात्र चादरीचा काडीचाही उपयोग नाही. दोन चादरी लावून पाहिल्या तरी तो तसाच.

उन्हाळा वेगळंच शिकवून गेला. पारा 43 वर, पंखा पाचवर, कूलर चालू; अशा खोलीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो बारीक झंकार, ऐकू येत नाही, स्पीकर कितीही महाग घ्या. मे महिन्यात पहाटे पाचला ऐकायची सवय लागली. धूळही फार, त्यामुळे जाळी कायम लावलेली असते. ट्वीटरला फडकं लावायचं नाही; डोमला खळी पडली की पूर्वीसारखा होत नाही.

पुन्हा न ऐकता घेईन का? घेईन, पण परत पाठवायची सोय असेल तरच. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाकू नका, खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि पहिल्या दिवशी वायरींचे रंग दोनदा बघा. मी निम्मी मुदत स्पीकर ठेवायची जागा शोधण्यात घालवली. ढोल-ताशा अंगावर यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढ्या छोट्या वूफरच्या नादी लागू नये, तो 55 हर्ट्झच्या खाली फारसा जातच नाही.

परवा अप्पांनी स्वतःची पेटी स्पीकरशेजारी ठेवली, रेकॉर्डिंगमधल्या पेटीचा काळी दोनचा सूर लागला की तोच सूर आपल्या पेटीवर धरायचे, असं चार-पाच वेळा केलं. मग म्हणाले, “भाता ऐकू येतोय बघ.” मी जवळ जाऊन ऐकलं. येत होता.