फ्लेमिंगो बघायला यॉट की ऐरोलीची बोट?

यॉटवर एसी, खाणंपिणं, ऐसपैस जागा. पण तिचा तळ खोल आणि ठाणे खाडीचा चिखलपट्टा उथळ, त्यामुळे पक्षी लांबच राहतात. वेगात नेली तर लाटा चिखलावर आपटतात आणि चोच उलटी धरून शेवाळ गाळणारा अख्खा थवा उडतो. त्या प्रत्येक उड्डाणात पोटभर खाण्याचा वेळ वाया जातो, हे आम्हाला फार खटकतं.

ऐरोलीच्या वनखात्याच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची बोट साधी, पण फेरी भरती-ओहोटी बघूनच ठरते. भर ओहोटीत बोट रुतते. भर भरतीत चिखल बुडतो आणि पक्षी नेरुळच्या पाणथळींकडे जातात. मधली वेळ विचारूनच बुकिंग करा. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेल्या या खाडीसाठी आमचं मत ऐरोलीलाच. यॉट गेटवेसमोरच्या खोल पाण्यात न्या.