कॅनडा की जर्मनी? बडोद्यातला चालू वाद

काल दांडिया बाजारात शेव-उसळ खाता खाता परत तोच विषय, भाच्याने शिकायला कॅनडाला जावं का जर्मनीला. बडोद्यात ज्याचं त्याचं कोणीतरी कॅनडात, म्हणून सगळ्यांचं मत तिकडेच, इंग्लिश चालतं, ओळखी आहेत वगैरे. पण फी बघा ना, आणि 2024 पासून स्टडी परमिटच्या (तिकडे शिकायच्या परवान्याच्या) संख्येवर मर्यादा लावलीये, घरभाडं तर विचारूच नका.

जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्युशन फीच नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्या युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे एकदम पैसे काढता न येणारं बँक खातं) वर्षाचे 11,904 युरो भरायचे, ते महिन्याला 992 करत आपल्यालाच खर्चाला मिळतात, हे भावजींना तीनदा समजावलं तरी ते त्याला फीच म्हणतात! भाषा शिकावी लागेल, रविवारी दुकानं बंद, चालतंय की. मी तर जर्मनीच म्हणेन.

ताईचं एकच, "आजारी पडला तर तिकडे आपलं कोण आहे रे?"