कोअर डेटात रेकॉर्डची कॉपी: हाताने की लूप फिरवून?

आयफोन ॲपमध्ये 'डुप्लिकेट' बटण द्यायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच, कारण कोअर डेटाच्या (ॲपमधला डेटा सांभाळायची ॲपलची व्यवस्था) ऑब्जेक्टला, म्हणजे एका रेकॉर्डला, आयती कॉपी नाही, कॉपी मेथड कॉल केली की सरळ क्रॅश.

हाताने म्हणजे नवीन ऑब्जेक्ट इन्सर्ट करायचा आणि एकेक फील्ड भरायचं. कंटाळवाणं आहे, शिवाय सहा महिन्यांनी मॉडेलमध्ये (डेटाच्या आराखड्यात) नवं फील्ड आलं की कॉपीत ते हमखास राहून जातं. लूपवाल्या पद्धतीत एंटिटीकडूनच (मॉडेलमधली त्या प्रकारच्या रेकॉर्डची व्याख्या) ॲट्रिब्यूटची, म्हणजे साध्या फील्डची, यादी घेऊन सगळं भरता येतं, पाच-सहा ओळीत काम होतं, पण युनिक आयडीसुद्धा तसाच्या तसा उतरतो, तो नंतर आठवणीने बदलावा लागतो.

खरी गोची रिलेशनशिपची, म्हणजे एका रेकॉर्डच्या दुसऱ्याशी असलेल्या जोडणीची. माझ्या बिलाच्या ॲपमध्ये लूपने जुन्या बिलाचे आयटम नव्या बिलाला जोडले आणि जुनं बिल रिकामं झालं!! इन्व्हर्स रिलेशनशिपमुळे (आयटमकडून एकाच बिलाकडे जाणारी उलटी जोडणी) एक आयटम एकाच बिलाचा राहतो, म्हणून आयटमचीही वेगळी कॉपी लागते, पण ग्राहक मात्र तोच ठेवायचा. हे लूपला कसं कळणार?

म्हणून मी साधी फील्ड लूपने भरतो आणि रिलेशनशिप हातानेच लिहितो.