उत्तर थायलंडमध्ये भाड्याची गाडी आणि दोन सायकली : चार महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मुक्काम चियांग मायला, भाड्याची ऑटोमॅटिक हॅचबॅक आणि ३८ मिमी टायरच्या दोन सायकली. निष्कर्ष आधीच सांगतो. गाडी आणि सायकल ही जोडी या भागासाठी उत्तम आहे, पण सायकली गाडीच्या आत ठेवाव्यात, डिकीला पट्ट्यांनी बांधायच्या कॅरिअरवर नकोत. आणि मे होंग सोनचा अख्खा डोंगरी फेरा (चियांग मायहून निघून परत तिथेच) सायकलनेच करायचा बेत असेल तर तो बदलावा.

कॅरिअर मोठ्या हमरस्त्यावर चालतो. चियांग रायकडे जाणाऱ्या ११८ क्रमांकाच्या रस्त्यावर किंवा चियांग दावकडच्या १०७ वर तक्रार नाही. खरी अडचण पाय या गावाकडे जाणाऱ्या १०९५ वर येते. मे मालाइ ते पाय या टप्प्यातच ७६२ वळणं मोजतात. प्रत्येक वळणाला सायकली आडव्या डोलतात, एकीचं पेडल दुसरीच्या फ्रेमला घासतं आणि पट्टे सैल होतात. नायलॉन ओलं झालं की ताणतं, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर पट्टे पुन्हा आवळावेच लागतात. एरवीही निघाल्यावर पहिल्या १५-२० किलोमीटरला थांबून तपासायचे. हूक पत्र्याच्या कडेलाच बसला पाहिजे. हॅचबॅकच्या वरच्या प्लास्टिक स्पॉयलरला अडकवला तर स्पॉयलर तडकतो. सगळ्यात खालचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं तर टायर वितळतो, हे तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. शिवाय नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. भाड्याच्या गाडीला कॅरिअर लावायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. कॅरिअरने पडलेले ओरखडे बहुतेक विम्यात बसत नाहीत.

आत ठेवायची पद्धत अशी. मागची सीट पाडायची, सायकलची दोन्ही चाकं काढायची, तिच्या सीटची उंची पूर्ण खाली करायची. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरमध्ये (चकतीला चिमटणाऱ्या ब्रेकच्या भागात) स्पेसर म्हणजे फट राखणारा तुकडा घालायचा; स्पेसर नसेल तर पुठ्ठ्याची दुहेरी घडीही चालते. तो विसरलात आणि प्रवासात लिव्हर दाबला गेला, तर कॅलिपरमधले पिस्टन जवळ येतात आणि रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) परत आत जात नाही. डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या भागाची) बाजू वर. पहिल्या सायकलीवर जुनी चादर, मग दुसरी उलट दिशेने. चाकं कडेला, रोटर आतल्या बाजूला. सरावाने १० मिनिटांचं काम आहे. मात्र मग गाडीत माणसं दोनच, आणि सामान एकेक बॅग.

आता रस्ते. चियांग माय, पाय, मे होंग सोन, मे सारियांग आणि परत हा फेरा साधारण ६०० किलोमीटरचा. तो गाडीने करावा आणि सायकल दऱ्यांमध्ये काढावी: पायच्या आसपासची शेतं, मे होंग सोनहून सू तोंग पे या बांबूच्या पुलापर्यंत, मे चाएमची भातखाचरं. एका ठिकाणी दोन रात्री ठेवल्या की मधला पूर्ण दिवस सायकलला मिळतो; एकच रात्र ठेवली तर सायकल गाडीतून बाहेरच येत नाही. चढाची हौस असेल तर एकाने सायकल, एकाने गाडी, आणि घाटमाथ्यावर अदलाबदल. गिअर १:१ पेक्षा हलका हवा. पुढे ३० आणि मागे ३६ दात असले तर निभावतं. दोई इन्थानोन या डोंगराचा १००९ हा रस्ता चोम थोंगपासून ४८ किलोमीटरमध्ये २,५६५ मीटर उंचीच्या शिखरापर्यंत नेतो. उतरताना गाडी ‘डी’वर ठेवून नुसत्या ब्रेकवर सोडू नका. उतार सुरू होण्याआधीच ‘एल’ किंवा ‘एस’ हा खालचा गिअर लावा. वास यायला लागला म्हणजे ब्रेकचे पॅड आधीच तापलेत.

बेत बदलण्याची सोय या फेऱ्यातच आहे. तो कुठल्याही दिशेने करता येतो, त्यामुळे १०९५ वर दरड आली तर १०८ ने उलटं निघता येतं. मे सारियांग गाळायचं असेल तर खुन युआमहून १२६३ आणि पुढे १०८८ ने मे चाएम, तिथून ११९२ ने इन्थानोनच्या अंगाने खाली. मात्र ११९२ अरुंद आणि तीव्र चढ-उताराचा आहे, पावसात तो नकोच. टाकी खुन युआमलाच भरून घ्या. गाडी चियांग रायला सोडायचा विचार असेल तर वेगळं शुल्क आधी विचारा, कारण तिथून परतायला रेल्वे नाही.

पंक्चर बहुतेक वेळा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारेने होतं. ही तार रस्त्याच्या कडेला पसरलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून बोट फिरवून ती चिमट्याने काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. टायर ट्यूबलेस असतील तर आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) उष्णतेत दोन-तीन महिन्यांत सुकतं. ६० मिली जवळ ठेवा. हमरस्त्याच्या कडेने मोटरसायकली सर्रास उलट्या दिशेने येतात. कुत्री अंगावर आली तर उतरून सायकल मध्ये धरा. रेबीजची लस आधी घेतलेली बरी.

वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. आरटीओकडून मिळणारा १९४९ च्या कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, सोबत मूळ परवाना ठेवा. शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावरचं थाई लिपीतलं लाल ‘जे’ (เจ) हे अक्षर शोधा. तिथे फिश सॉसही नसतो.

गाडी सलग चार महिन्यांसाठी न घेता महिन्या-महिन्याने घ्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतं आणि जंगलं जळू लागतात, धूर दऱ्यांमध्ये अडकतो आणि एप्रिलपर्यंत हटत नाही. रोज सकाळी हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (एक्यूआय) पाहा. १५० च्या वर असेल तर सायकल काढू नका. सलग आठवडाभर तसाच राहिला तर पुढचा महिना न घेता दक्षिणेकडे निघा.